तीरकमठा जुळवताना: आधी काड्या, मग कमठा

चिमूर तालुक्यातल्या आमच्या गावात धान कापून झालं की एक बांधी मोकळी मिळते. संध्याकाळी तिथे आठ-दहा पोरंपोरी तीरकमठे घेऊन जमतात. नवीन येणाऱ्या प्रत्येकाची तक्रार एकच असते : "बाई, कमठा खराब आहे. एक तीर इकडे जातो, एक तिकडे." मी शिकत होते तेव्हा मीही हेच म्हणायचे. शेजारचे आबाजी लहानपणापासून तीर घासत आलेले. त्यांच्याकडे मी कमठा घेऊन गेले, तर त्यांनी कमठ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझे बारा तीर मांडीवर घेतले. एकेक तीर उभा धरायचा, बोथट टोक डाव्या तळहातावर टेकवायचं आणि उजव्या हाताच्या बोटांनी भोवऱ्यासारखा फिरवायचा. तळहाताला थरथर लागली की तो तीर डावीकडे, शांत फिरला की उजवीकडे. सात एका बाजूला झाले, पाच दुसऱ्या. "हे पाच दुसऱ्या घरचे हाय," म्हणाले. "पोरी, कमठा तं एकच हाय, काड्या बारा हाय. मंग बिघाड कशात पाहाचा, सांग?"

त्याच कमठ्याने मी ते सात तीर सोडले आणि सुपाएवढ्या जागेत बसले. नेम माझा तोच, हात तोच.

पुढचं सगळं त्या संध्याकाळीपासून शिकलेलं आहे. बांबूचा किंवा लाकडाचा साधा कमठा, बांबूच्या किंवा लाकडाच्या काड्या आणि पिसं, एवढ्यासाठीच हा लेख आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले, तेव्हापासून पोरं चाकांच्या कंपाउंड धनुष्याबद्दल फार विचारतात. त्या धनुष्याला जुळवणीसाठी स्क्रू असतात. आपल्याकडे दोरा, चाकू आणि काचेचा तुकडा आहे. काम मात्र तेच करायचं आहे : प्रत्येक तीर आधीच्या तिरासारखाच सुटला पाहिजे. शाळा आणि राष्ट्रीय स्पर्धांमध्ये 'इंडियन राउंड' नावाचा बांबूच्या धनुष्याचा प्रकार आहे. तिथे जायचं असेल तर ही जुळवणी यायलाच हवी.

जागा आणि निशाण

हे आधी सांगते, कारण इथे चूक झाली तर बाकी सगळं व्यर्थ. निशाणामागे उंच धुरा किंवा मातीचा ढीग असावा. त्यामागून पायवाट जात नसावी, ढोरं चरत नसावीत. तीर वर आभाळात कधीही सोडायचा नाही. सगळ्यांचे तीर सुटल्यावरच सगळ्यांनी मिळून आणायला जायचं. आपल्या भागात वाघ आहे, म्हणून हरवलेला तीर शोधायला दिवस मावळल्यावर झुडपात शिरू नका. तीर पुन्हा करता येतो.

शिकारीचा तर विचारही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण येतो, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जायला मनाई आहे. ताडोबाच्या आसपास राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. कमठा खांद्यावर टाकून जंगलाच्या वाटेने जाऊच नये.

निशाणासाठी दोन पोती घ्या, त्यांत तणस आणि जुने कपडे गच्च दाबून भरा. कुटार, म्हणजे बारीक भुसा, भरू नका. ते खाली बसतं आणि वरच्या भागातून तीर आरपार जातो. पोत्यावर नारळाएवढा चुन्याचा ठिपका काढला की झालं.

लागणारं सामान

मोजपट्टी, पेन्सिल, मेण, जाड दोरा, लाकडावरचा गोंद, घासकागद, काचेचा तुकडा आणि एक वही. वजनासाठी दोन काटे लागतील. एक लटकणारा काटा, कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी शेतात वापरतात तो. दुसरा सोनाराचा. आमच्या गावचा सोनार दुपारी दुकान रिकामं असलं की बारा काड्या आनंदाने तोलून देतो. विचारून बघा, तुमचाही देईल.

कमठा तपासणं

दोरी चढवण्याआधी कमठा डोळ्यासमोर धरून टोकापासून टोकापर्यंत पाहा. चीर, उचललेलं तूस, किडीचं भोक दिसतं का? बांबूतून बारीक पीठ गळत असेल तर आत भुंगा आहे. असा कमठा ओढायचा नाही, तो तोंडावर तुटू शकतो. दोरी चढवल्यावर पुन्हा पाहा. दोरी कमठ्याच्या मधोमध उभी दिसली पाहिजे. ती एका बाजूला पडत असेल तर टोकाची खाच तिरकी आहे किंवा फाक, म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग, पिळलेली आहे. खाच थोडी थोडी घासून हे बऱ्याचदा सुधारतं.

आता दोन्ही फाका सारख्या वाकतात का ते बघा. मुठीच्या वर जिथे वाकायला सुरुवात होते तिथे, आणि मुठीपासून तेवढ्याच अंतरावर खाली, दोरीपर्यंतचं अंतर मोजा. एक बोट तिराच्या वर आणि दोन बोटं खाली ठेवून ओढत असाल, तर वरचं अंतर खालच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर जास्त असावं. म्हणजे खालची फाक किंचित कडक. तिन्ही बोटं तिराखाली ठेवत असाल तर दोन्ही अंतरं जवळपास सारखी चालतात. फरक फार असेल तर कडक फाक पोटाकडून, म्हणजे आपल्याकडे असलेल्या बाजूने, काचेने हलकी खरवडा. बांबूची चकचकीत साल निशाणाकडे असते आणि सगळी ताकद तिथल्या तंतूंत असते. सालीला काच लावू नका, एकदाही नाही. चार-पाच वेळा खरवडलं की कमठा अर्ध्यापर्यंत वीस-तीस वेळा ओढा आणि मग मोजा. बांबू नवं वाकणं लगेच दाखवत नाही, आणि घाई करणाऱ्याकडून जास्त निघून जातं. वरच्या फाकेवर पेन्सिलने खूण करा, म्हणजे कमठा कधी उलटा धरला जाणार नाही.

तुमची ओढ किती, म्हणजे दोरी तुम्ही किती लांब खेचता, ते काढा. दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि अडीचने भागा. १६५ सेंटीमीटर आलं तर ओढ साधारण ६६ सेंटीमीटर. मग कमठ्याची मूठ खुंटीला अडकवा, दोरीला काट्याचा आकडा लावा, तेवढी ओढ होईपर्यंत खाली खेचा आणि आकडा वाचा. हे तुमचं ओढीवरचं वजन. ११ किलो म्हणजे सुमारे २४ पौंड. नवीन माणसाला ९ ते ११ किलो पुरे. पोरांना जड कमठ्याचा मोह फार असतो. पण ओढताना हात थरथरत असेल तर पुढच्या कुठल्याच मोजणीला अर्थ उरत नाही.

आणि तीर न लावता दोरी कधीच सोडायची नाही. माझा पहिला कमठा असाच गेला. पाहुण्यांच्या एका मुलाच्या हातात मीच दिला होता, सांगायला विसरले. खटकन आवाज आला आणि खालची फाक मुठीपासून उभी चिरली. तीर नसला की सगळा झटका कमठ्यालाच बसतो.

दोरी आणि ताण

बांबूच्या कमठ्याला डेक्रॉनचा दोरा चांगला. तो किंचित ताणला जातो आणि झटका स्वतः पितो. हल्लीचे न ताणणारे दोरे वेग देतात, पण साध्या बांबूच्या खाचा कापून काढतात. मध्य भारतातल्या जुन्या कमठ्यांना बांबूच्याच पातळ कामटीची दोरी असायची. ती बघायला सुंदर असते, पण तिच्यावर पीळ देऊन ताण बदलता येत नाही. म्हणून शिकताना दोऱ्याचीच घ्या.

ताण म्हणजे मुठीच्या खोबणीपासून दोरीपर्यंतचं अंतर. जुनं माप सोपं आहे : मूठ आवळायची, अंगठा वर उभा करायचा, कमठ्यावर मूठ टेकवली की अंगठ्याचं टोक दोरीला लागावं. पाच-साडेपाच फुटी सरळ कमठ्याला हे १५ ते १८ सेंटीमीटर येतं. दोरीला पीळ दिला की ती आखूड होते आणि ताण वाढतो, पीळ काढला की उतरतो. म्हणून सुरुवातीलाच थोडा पीळ असू द्या, दोन्हीकडे वाव राहतो.

१५ सेंटीमीटरपासून सुरू करा आणि दर वेळी अर्धा सेंटीमीटर वाढवत पाच-सहा तीर सोडा. इथे कान लावायचा. ताण कमी असला तर कमठा हाताला धक्का देतो, दोरी मनगटावर आदळते, आवाज फाटका येतो. एका ठिकाणी आवाज घट्ट आणि बुटका होतो, हातातला थरकाप कमी होतो. तिथे थांबा आणि माप वहीत लिहा. तो आवाज एकदा ओळखू आला की पुढे तुम्हाला पट्टी लागणार नाही, पण तोवर पट्टीच वापरा. नवी दोरी पहिल्या शंभरेक तिरांत ताणली जाते, म्हणून रोज सुरू करण्याआधी मोजायचं.

तीर लावायची जागा

तीर दोरीवर दर वेळी एकाच जागी बसला पाहिजे. सुताराचा गुण्या किंवा पुठ्ठ्याचा काटकोन दोरीला टेकवा. दुसरी बाजू तीर जिथे मुठीवर टेकतो तिथपर्यंत आणा. दोरीवर काटकोनाची जागा मिळेल. तिच्या १२ मिलिमीटर वर तिराची खाच बसेल अशा बेताने खाचेच्या वर आणि खाली दोऱ्याच्या दोन गाठी मारा. इतकं वर कशाला? साध्या कमठ्यात तीर हाताच्या मुठीवरून किंवा चामड्याच्या तुकड्यावरून सरकतो. शेपूट खाली असलं तर ते मुठीवर आपटतं आणि उसळतं. थोडं वरून सुरू केलेलं बरं. अजून गोंद लावू नका. ही जागा आपण पुढे हलवणार आहोत.

काड्या

खरं काम इथे आहे. चार दिवस द्यायचे तर कमठ्याला एक आणि काड्यांना तीन द्या.

बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला असावा, कोवळा नसावा. पावसाळ्यातल्या ओल्या बांबूत किडीला खायला भरपूर असतं. मी एकदा श्रावणात घाईने काड्या काढल्या, दिवाळीपर्यंत त्यांतल्या अर्ध्या पिठासारख्या भुसभुशीत झाल्या. शेतातल्या बांबूची अडचण आता उरलेली नाही. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल झाला आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. जंगलातला मात्र विचारल्याशिवाय तोडायचा नाही. सगळ्यात सोपं म्हणजे बुरडाकडे जा आणि एकाच बांबूच्या चिरलेल्या सरळ पट्ट्या मागा. एका बांबूच्या पट्ट्यांपासून घासलेल्या काड्या एकमेकींच्या जास्त जवळच्या निघतात. बारीक अख्ख्या वेळूच्या काड्याही चालतात. बारा हव्या असतील तर तीस काढा.

लांबी तुमच्या ओढीपेक्षा ५ सेंटीमीटर जास्त ठेवा. पुढे कापता येते, जोडता येत नाही. ओढ कमी असली तरी आत्ता ७० सेंटीमीटरपेक्षा आखूड करू नका, खाली कडकपणा मोजताना ती लांबी लागते. जाड बाजू पुढे, बारीक बाजू शेपटाकडे. शेपटाची खाच अशी पाडा की तिच्या लगेच पुढे बांबूचं पेर येईल. पेर असलं की चीर पुढे सरकत नाही. पट्टीच्या काडीत पेर जुळत नसेल, तर खाचेच्या पुढे दोऱ्याचे घट्ट वेढे द्या आणि गोंद लावा. खाच दोरीवर बसवून तीर खाली लोंबकळू द्या. तो आपल्या वजनाने पडू नये, पण दोरीवर बोटाने टिचकी मारली की निसटावा. घट्ट खाच प्रत्येक तिराचा थोडा वेग खाते, आणि प्रत्येकीचा वेगळा.

सरळ करायला निखारे हवेत, जाळ नको. काडी निखाऱ्यांवर वीतभर उंच फिरवत धरा. हाताला चटका बसेल इतकी तापली की वाकाच्या उलट दिशेला किंचित जास्त वाकवा आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवा. गार होण्याआधी सोडली तर ती पुन्हा मूळ वाकावर येते. काळी पडली तर कडक होऊन तुटते. पेराजवळचा वाक आधी काढा, मग मधला. नंतर आबाजींसारखी तळहातावर फिरवून बघा.

आता कडकपणा, म्हणजे ज्याला स्पाइन म्हणतात ते. काडीच्या जुळवणीत यासारखं महत्त्वाचं दुसरं काही नाही. कमठा तिराच्या वाटेत मधोमध उभा असतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा तीर कमठ्याच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो, म्हणून दोरी आरामात असताना त्याचं टोक थोडं डावीकडे बघतं. दोरी सुटली की काडी मागून दाबली जाते, धनुकलीसारखी वाकते, कमठ्याला वळसा घालते, मग उलटी वाकते आणि हळूहळू सरळ होत निशाणाकडे जाते. वाकणं आणि वेळ जुळले तर शेपूट कमठ्याला न शिवता निघून जातं. काडी फार कडक असेल तर वळसा होत नाही आणि तीर डावीकडे फेकला जातो. फार नरम असेल तर जास्त वाकून उजवीकडे जातो. डावखुऱ्यांनी सगळीकडे उलट समजायचं.

मोजायला घरचं यंत्र करा. एका फळीवर ६६ सेंटीमीटर अंतराने दोन खिळे ठोका आणि काडी त्यांवर आडवी ठेवा. मधोमध ९०० ग्रॅम वजन टांगा. पाण्याची बाटली किराणा दुकानात तोलून तेवढी भरली तरी चालते. मधला भाग किती मिलिमीटर खाली आला ते वाचा. ६६० ला त्या आकड्याने भागा, की काडीचा कडकपणा पौंडांत येतो. २२ मिलिमीटर वाकली तर ३०, २७ वाकली तर साधारण २४. सुरुवातीला तुमच्या ओढीवरच्या वजनाच्या आसपासची काडी निवडा, मग बाकीचं तीरच सांगेल. बांबू सगळ्या बाजूंनी सारखा वाकत नाही. काडी फिरवून फिरवून मोजा, सगळ्यात कडक बाजूवर पेन्सिलची खूण करा आणि ती बाजू नेहमी कमठ्याकडे येईल अशी खाच पाडा. तीसमधून दीड मिलिमीटरच्या फरकात बसणाऱ्या बारा वेगळ्या काढा.

काडी कडक वाटली तर लगेच घासकागद घेऊ नका. भरीव गोल काडीचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. ८ मिलिमीटरची काडी ७.६ केली तर हाताला फरक कळतही नाही, पण कडकपणा जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरतो. बांबूत तर आणखी, कारण मजबूत तंतू बाहेरच्या अंगाला असतात.

मग सोनाराचा काटा. ओढीवरच्या वजनाच्या दर पौंडामागे ०.६ ते ०.६५ ग्रॅम धरा. २४ पौंडांच्या कमठ्याला सगळं लावून तीर १५-१६ ग्रॅमपेक्षा हलका नको, कारण फार हलका तीर म्हणजे जवळपास रिकामी दोरी सोडल्यासारखंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाराही तिरांमधला फरक एक ग्रॅमच्या आत असावा. साधा हिशेब करून पाहा. सेकंदाला ४५ मीटर वेगाने निघालेला २० ग्रॅमचा तीर ३० मीटरवर जाईपर्यंत सव्वादोन मीटरच्या जरा आत खाली येतो. वजन एक ग्रॅमने वाढलं की वेग सुमारे दोन टक्के उतरतो आणि तीर आणखी आठ-दहा सेंटीमीटर खाली लागतो. नेम अचूक, सोडणं अचूक, तरी ठिपका चुकला. मुलं अशा वेळी स्वतःच्या हाताला दोष देत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पिसांसाठी पाळीव पक्षी घ्या : टर्की मिळाली तर उत्तम, नाहीतर बदकाची पिसं. गिधाड, ससाणा, घुबड यांच्या पिसांना हात लावू नका, ते कायद्याने संरक्षित पक्षी आहेत. एका तिरावर तीन पिसं, तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची. डाव्या-उजव्या पंखांची मिसळ केली तर तीर कुठल्याच दिशेने नीट फिरत नाही. १० ते १२ सेंटीमीटर लांबी शिकणाऱ्याला बरी, मोठं पीस चुका झाकून घेतं. एक पीस कमठ्याच्या उलट्या दिशेला बाहेर यावं, बाकीची दोन कमठ्याकडे. पिसाच्या पुढच्या टोकाचा देठ घासून पातळ करा, त्यावर दोऱ्याचे वेढे द्या, गोंद लावा आणि बोट फिरवून बघा. तीर मुठीवरून जातो. तिथे पिसाचं एक टोक उचललेलं असेल तर ते कातडीत घुसतं. चामड्याचा किंवा जाड कापडाचा हातमोजा घालाच.

बारापैकी दोन काड्यांना पिसं लावू नका. पुढे त्या लागणार आहेत. प्रत्येक तिरावर १ ते १२ आकडे घाला.

बिनपिसाच्या तिराची परीक्षा

सकाळी वारा पडलेला असताना हे करा. दहा मीटरवर उभे राहा. आधी पिसांचे तीन तीर सोडा, मग बिनपिसाचे दोन, नेम तोच. पीस तिराला हवेत सावरतं. ते काढलं की काडीचा मूळ स्वभाव उघडा पडतो. एका फेरीवर काही ठरवू नका, निदान चार फेऱ्या घ्या. बिनपिसाचा तीर भलतीकडे गेला तर आधी आपलं सोडणं तपासा. बोटं झटकून उघडली की चांगली काडीही कडक किंवा नरम भासते.

उंची आधी लावा. बिनपिसाचे तीर पिसवाल्यांच्या वर लागले तर दोरीवरची गाठ वर सरकवा, खाली लागले तर खाली. एका वेळी २ मिलिमीटर. उंची जुळली की गाठीवर गोंदाचा थेंब.

आता डावं-उजवं. हे उजव्या हाताने ओढणाऱ्यांसाठी आहे. बिनपिसाचे तीर डावीकडे लागले तर काडी कडक आहे. ती नरम करायला टोक जड करा. मोटर वाइंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारेचे तुकडे मिळतात. टोकामागे आठ-दहा वेढे द्या आणि पुन्हा सोडून बघा. टोक जड झालं की सुटताना काडी जास्त वाकते. उजवीकडे लागले तर काडी नरम आहे. तेव्हा टोक हलकं करा किंवा काडी पुढून अर्धा-अर्धा सेंटीमीटर कापत जा, ओढीपेक्षा दोन सेंटीमीटर जास्त उरेपर्यंतच. फरक थोडाच असेल तर कमठ्यालाच उपाय आहे : तीर जिथे टेकतो तिथे चामड्याचा तुकडा लावा. जाड तुकड्याने तीर बाहेर ढकलला जातो आणि डावीकडे येतो, पातळ केला की उजवीकडे सरकतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टीसुद्धा १० मीटरवर स्पष्ट फरक दाखवते.

१० मीटरवर दोन्ही प्रकारचे तीर तळहाताएवढ्या जागेत आले की १५ मीटरवर जा. त्यापुढे बिनपिसाचा तीर नेऊ नका, मोडेल. जे बदल दोन काड्यांवर ठरले तेच बाकीच्या दहांवर करा, मग या दोघींनाही पिसं लावा.

या सगळ्यात एकच शिस्त आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच लिहायची. मी एकदा एकाच संध्याकाळी ताण वाढवला, गाठ हलवली आणि टोकंही बदलली. तीर सुंदर बसले. आठवड्याने दोरी तुटली, नवी चढवली, आणि ते सुख कशामुळे मिळालं होतं ते मला कधीच कळलं नाही. माझ्या वहीत आता प्रत्येक पानावर तारीख, ताण, गाठीचं माप, टोकाचं वजन, आणि निशाणाचं एक वर्तुळ असतं. त्यात तिरांचे आकडे लिहिते. ३० मीटरवर पाच-सहा दिवस असं केलं की एखादा आकडा नेहमी एकाच कोपऱ्यात दिसू लागतो. आमच्याकडे सातव्या तिराचं तसं होतं, नेहमी खाली आणि उजवीकडे. तोलला तर वजन बरोबर. खाचेजवळ नख फिरवलं तेव्हा केसासारखी चीर लागली. असा तीर सरळ मोडून चुलीत घालावा. चीर गेलेली बांबूची काडी सुटताना फुटली तर तिच्या काड्या हातात घुसतात.

ऊन, पाऊस आणि साठवण

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या छपराखाली किंवा बंद गाडीत कमठा ठेवला तर बांबू फार सुकतो, मग ओढताना तडकतो. पावसाळ्यात तोच बांबू ओल पितो, मऊ पडतो आणि त्याच ओढीवर वजन कमी दाखवतो. म्हणजे मेमध्ये जुळवलेले तीर ऑगस्टमध्ये कडक भासतील. हा काड्यांचा दोष नाही. काम झालं की दोरी उतरवा, रोज. कमठा आडवा, दोन खुंट्यांवर, मातीच्या भिंतीपासून जरा लांब ठेवा. कोपऱ्यात उभा टेकवला तर खालची फाक वाकडी होते.

ओल रोखायला आपल्या भागातलं जवसाचं तेल उत्तम. कापडाने पातळ हात फिरवा, दोन-तीन दिवस वाळू द्या, असे तीन-चार हात. तेलाचं कापड चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं कापड आपोआप पेटू शकतं. ते दोरीवर पसरून वाळवा. दोरीला मेण चोळा आणि बोटांनी गरम करून आत जिरवा. ओली झालेली पिसं चोळायची नाहीत. चुलीवरच्या भांड्याच्या वाफेवर धरली की पुन्हा उभी राहतात.

दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी कमठा काढाल तेव्हा हळदकुंकू लावण्याआधी कोरड्या कापडाने पुसा, सालीवरून बोट फिरवा आणि दोरी चढवून तासभर तशीच ठेवा. मग वही उघडा आणि ताण मोजा. माझ्या कमठ्याचा पावसाळ्यानंतर बहुतेक वेळा अर्धा सेंटीमीटर उतरलेला असतो. दोरीला सात-आठ पीळ दिले की जुन्या मापावर येतो. तेवढं झालं की दहा मीटरवर, एक ते तीन नंबरच्या तिरांनी सुरुवात करा.